संवर्धन जीवशास्त्राचा अभ्यास : जमिनीवरील आणि सागरी प्राण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे संवर्धन जीवशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या आणि नुकत्याच वळलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. काही प्रश्नांना दोन वाक्ये पुरतात, काहींना पुरत नाहीत, त्यामुळे उत्तरांची लांबी सारखी नाही.

संवर्धन जीवशास्त्र म्हणजे नेमके काय, आणि ते प्राणिशास्त्रापेक्षा वेगळे कसे?

प्राणी कसा जगतो हे प्राणिशास्त्र सांगते. त्याची संख्या घटू लागली आहे का, कशामुळे, आणि ती घसरण कुठे अडवता येईल, हे प्रश्न संवर्धन जीवशास्त्राचे आहेत. त्यासाठी ही शाखा परिसंस्थाशास्त्र, जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्राची अवजारे वापरते, आणि गरज पडेल तेव्हा कायदा व अर्थशास्त्राच्या दारातही जाते. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७८ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे भरली. तिच्या आयोजनात पुढाकार घेणारे मायकेल सूले यांनी १९८५ च्या एका लेखात या शाखेचे जीवशास्त्राशी असलेले नाते शल्यचिकित्सेच्या शरीरक्रियाशास्त्राशी असलेल्या नात्यासारखे आहे, असे म्हटले. उपमा चपखल आहे. शल्यविशारदाला सगळे अहवाल हाती येईपर्यंत थांबता येत नाही, पण म्हणून तो केवळ अंदाजाने सुरी चालवत नाही.

मला प्राण्यांविषयी मनापासून प्रेम आहे. तेवढे पुरत नाही का?

सुरुवात करायला पुरते, निर्णय घ्यायला पुरत नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझ्या मते साऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा त्याच्या उत्तरात आहे, म्हणून तीन उदाहरणे सविस्तर देतो.

पहिले उदाहरण लॉगरहेड या समुद्री कासवाचे. कासवांच्या संरक्षणाचा सगळा भर पूर्वी किनाऱ्यावर असे: घरट्यांची राखण करायची, अंडी कुंपणात हलवायची, पिल्ले समुद्रात सोडायची. १९८७ साली क्राउझ, क्राउडर आणि कॅसवेल या तिघांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील कासवांचे आयुष्य टप्प्यांत विभागून प्रत्येक टप्प्यातील जगण्याचे आणि प्रजननाचे प्रमाण एका गणिती सारणीत मांडले. निष्कर्ष अनपेक्षित होता. एकही अंडे वाया गेले नाही असे धरले, तरी जीवसंख्येची घसरण थांबत नव्हती. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांतील फारच थोडी मोठी होतात आणि मादी प्रजननक्षम व्हायला दोन-तीन दशके लागतात, त्यामुळे खरे मोल होते ते अर्धवट वाढलेल्या मोठ्या कासवांचे. आणि नेमकी तीच कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत, म्हणजे बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांत, अडकून गुदमरत होती. जाळ्याच्या गळ्याशी तिरकी धातूची जाळी बसवायची, कोळंबी तिच्या गजांमधून मागे जाते आणि कासव तिला आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते, अशा साध्या साधनाच्या सक्तीला या गणिताने मोठा आधार दिला. किनाऱ्यावर रात्री जागणाऱ्या स्वयंसेवकांचे कष्ट फुकट गेले, असा याचा अर्थ नाही. पण गळती दुसरीकडे होती.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील लार्ज ब्लू या फुलपाखराचे. त्याची संख्या घटू लागल्यावर संग्राहकांवर ठपका ठेवला गेला आणि उरलेल्या कुरणांना कुंपणे घालून ती राखली गेली. तरीही १९७९ साली ते तेथून नामशेष झाले. जेरेमी थॉमस यांनी वर्षानुवर्षे कुरणात बसून केलेल्या निरीक्षणांतून कारण उलगडले. याचा सुरवंट काही आठवडे रानटी थाइमच्या फुलांवर जगतो, मग जमिनीवर पडतो, आणि एका लाल मुंगीला तो आपलीच अळी वाटल्याने ती त्याला वारुळात नेते. तेथे तो सुमारे दहा महिने मुंग्यांच्या अळ्यांवर वाढतो. त्याला पोसू शकणारी मुंगी प्रामुख्याने एकाच प्रजातीची, आणि तिला ऊन थेट मातीपर्यंत पोहोचेल असे अगदी आखूड गवत लागते. चराई थांबली, रोगामुळे ससेही कमी झाले, गवत काही सेंटिमीटर वाढले, माती थंड झाली, मुंगी गेली आणि तिच्यामागून फुलपाखरू गेले. कुंपणाने गुरांना बाहेर ठेवून हानीला हातभारच लावला होता. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनमधून फुलपाखरे आणली गेली आणि चराई पुन्हा सुरू केलेल्या कुरणांत ती रुजली.

तिसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील ब्लॅक रॉबिन या पक्ष्याचे १९८० साली जगात पाच पक्षी उरले होते आणि प्रजनन करणारी मादी एकच होती. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून उबवून घेतली, आणि ही प्रजाती वाचली. आज या पक्ष्यांची संख्या दोनशेहून अधिक आहे. त्या काळात काही माद्या घरट्याच्या काठावर अंडे घालत. तसे अंडे उबवले जात नाही. प्रत्येक अंडे मोलाचे असल्याने कार्यकर्ते ते उचलून आत ठेवत. पण काठावर अंडे घालण्याची सवय आनुवंशिक होती, आणि माणूस तिची किंमत मोजू देत नसल्याने ती पसरत गेली. एका टप्प्यावर निम्म्याहून अधिक माद्या असे करू लागल्या. अंडी आत सरकवणे थांबवल्यावर हे प्रमाण पुन्हा घटले. पाच पक्षी असताना अंडे आत ठेवणे बरोबरच होते. ते कधी थांबवायचे, हे मोजमापाशिवाय कळले नसते.

पदवीला कोणता विषय घेतलेला असावा?

प्राणिशास्त्र, जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, सागरी विज्ञान, पशुवैद्यक किंवा वनशास्त्र यांपैकी कोणताही चालतो. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र किंवा भूगोल शिकून आलेले विद्यार्थीही येतात आणि बहुधा मागे पडत नाहीत. त्यांना प्राणी ओळखायला शिकावे लागते एवढेच.

गणित किती लागते?

अपेक्षेपेक्षा जास्त, पण भीतीपेक्षा कमी. संभाव्यता, प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची रीत) आणि नमुना निवडीची तत्त्वे पक्की हवीत, आणि आर सारख्या संगणकीय भाषेत स्वतःची माहिती स्वतः तपासता यायला हवी. वरील कासवांची सारणी हा बेरीज-गुणाकाराचा विस्तारच आहे, आणि ती हाताने सोडवून पाहिली की तिची भीती जाते. गणित टाळण्यासाठी जीवशास्त्र निवडले असेल, तर ही शाखा चुकीची निवड ठरेल, हे आधीच सांगितलेले बरे.

दिसतच नाहीत अशा प्राण्यांची संख्या मोजतात तरी कशी?

सगळे प्राणी मोजणे जवळजवळ कधीच शक्य नसते. किती प्राणी आपल्या नजरेतून सुटले याचा अंदाज बांधणे हीच खरी कला आहे. सर्वांत जुनी रीत खुणा करून पुन्हा पकडण्याची. समजा, एका तळ्यातील ५० कासवांना खूण करून सोडले. काही दिवसांनी ६० कासवे पकडली, त्यांत खूण असलेली १० निघाली. म्हणजे तळ्यातील साधारण सहावा हिस्सा खूण केलेला आहे, आणि एकूण कासवे ३०० च्या आसपास असावीत. यामागची गृहीतके मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. मधल्या काळात कासवे बाहेर गेली का, खुणा गळून पडल्या का, एकदा पकडलेले कासव पिंजऱ्याला बिचकू लागले का? बिचकू लागले असेल, तर खुणेची कासवे कमी सापडतात आणि अंदाज अकारण फुगतो.

प्राण्याच्या अंगावर जन्मजात खूण असेल, तर त्याला हातही लावावा लागत नाही. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे वेगवेगळे असतात आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथील वाघांची संख्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, छायाचित्रांवरून याच गणिताने काढली आणि तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. हंपबॅक देवमासे शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून ओळखले जातात. व्हेल शार्कच्या पाठीवरील ठिपके जुळवण्यासाठी तर खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातील ताऱ्यांच्या आकृत्या जुळवायला तयार केलेली पद्धत उचलली गेली.

समुद्रात एक अडचण वाढते. जहाजावरून सरळ रेषेत जात देवमासे मोजताना, अगदी जहाजाच्या पुढ्यात असलेला प्राणीही पाण्याखाली असेल तर दिसत नाही. स्पर्म व्हेल एका बुडीत पाऊण तास सहज काढतो. त्यामुळे तो किती वेळ वर असतो, हे अंगावर चिकटवलेल्या नोंदयंत्रांवरून वेगळे शोधून मूळ आकडा दुरुस्त करावा लागतो. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे, येथे फार उपयोगी पडतात, कारण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि मोठ्या देवमाशांचे खोल आवाज फार दूरवर पोहोचतात. अलीकडे पाण्याचा नमुना गाळून त्यातील डीएनएवरून कोणत्या प्रजाती तेथे आहेत हेही कळते. किती आहेत हे मात्र त्यावरून नेमके सांगणे अजून अवघड जाते.

जमिनीवरील आणि सागरी प्राण्यांचा अभ्यास एकत्र का करायचा? दोन्ही वेगळे नाहीत का?

तत्त्वे एक आहेत, परिस्थिती वेगळी आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कोणते तत्त्व आणि कोणती केवळ परिस्थिती हे नीट उमगत नाही. जमिनीवर प्रजाती नाहीशा होण्याचे मोठे कारण म्हणजे अधिवास तुटणे. क्षेत्रफळ आणि प्रजातींची संख्या यांच्या परिचित सूत्रानुसार, अधिवासाचा नव्वद टक्के भाग गेला तर साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रजाती कालांतराने जातात. ‘कालांतराने’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण जंगलाच्या तुकड्यात अडकलेली प्रजाती लगेच जात नाही, काही पिढ्या रेंगाळते.

समुद्रात मुख्य कारण पकड हे राहिले आहे, मग ती हेतुपुरस्सर असो वा जाळ्यात चुकून झालेली. बेरिंग समुद्रातील स्टेलरची सागरी गाय १७४१ साली युरोपीय खलाशांच्या नजरेस पडली आणि अवघ्या २७ वर्षांत, १७६८ च्या सुमारास, मांसासाठी संपवली गेली. न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यापुढील कॉड माशांची जीवसंख्या इतकी कोसळली की १९९२ मध्ये कॅनडाला तेथील मासेमारीच बंद करावी लागली. समुद्रातून पूर्णपणे नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजाती जमिनीच्या मानाने फार थोड्या आहेत. यावरून समुद्र सुरक्षित आहे असे समजू नये, कारण तेथे शोधही तितकाच तोकडा आहे.

आणखी एक फरक प्रजननाचा. पुष्कळ सागरी प्राणी अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील व्हाइट ॲबलोनी ही गोगलगाय खाण्यासाठी इतकी काढली गेली की उरलेल्या गोगलगायी एकमेकींपासून फार लांब पडल्या. लाखो अंडी सोडली तरी शुक्राणू त्यांच्यापर्यंत पोहोचेनात. प्राणी जिवंत होते, पकड थांबली होती, आणि पुढची पिढी मात्र येत नव्हती. संख्या विरळ झाली की वाढीचा दरही खाली येतो, या घटनेला वॉर्डर ॲली यांच्या नावावरून ॲली परिणाम म्हणतात.

शिवाय समुद्राला मालक नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडचा समुद्र कोणत्याही देशाचा नसतो आणि जगाच्या समुद्राचा मोठा हिस्सा त्यात मोडतो. त्या भागातील जैवविविधतेसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०२३ साली संमत झाला. काही प्राणी तर ही विभागणीच मानत नाहीत. अल्बट्रॉस हा मोठा सागरी पक्षी बेटावर घरटे करतो, समुद्रात हजारो किलोमीटर चरतो आणि लॉंगलाइनच्या, म्हणजे पुष्कळ गळ लावलेल्या लांबच लांब दोरीच्या, गळाला लागून मरतो. त्याचा अभ्यास करणाऱ्याने स्वतःला जमिनीचा म्हणवावे की समुद्राचा?

लाल यादीतील वर्गवारी कशी वाचावी?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, लाल यादी १९६४ पासून आहे. तिच्यात नामशेष, वन्य अवस्थेतून नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप आणि किमान चिंता असे वर्ग आहेत, आणि त्याखेरीज अपुरी माहिती व मूल्यमापन न झालेले असे दोन. नवख्यांचा एक गैरसमज कायम आढळतो: हा वर्ग म्हणजे ‘किती उरले’ याचे उत्तर. प्रत्यक्षात घसरणीचा वेगही तितकाच महत्त्वाचा आहे. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात संख्या ८० टक्क्यांनी घटली आणि कारण अजून हटलेले नाही, तर लाखोंनी असलेली प्रजातीही अतिसंकटग्रस्त ठरू शकते.

दक्षिण आशियातील गिधाडांनी हे दाखवून दिले. पांढऱ्या पाठीचे गिधाड एके काळी इतके सर्रास दिसे की त्याची मोजणी करावी असे कोणाला वाटत नव्हते. भारतात १९९२ ते २००७ या काळात त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. रोगाचा संशय होता. २००४ मध्ये खरे कारण सापडले ते गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. अंदाज असा की शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत विषारी प्रमाणात औषध असले, तरी एवढी घसरण होण्यास ते पुरेसे होते, कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकातील वापरावर बंदी घातली आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध पुढे आले.

‘अपुरी माहिती’ हा वर्ग मात्र विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन पाहावा. अनेक प्रबंधांचे विषय तेथे पडून आहेत.

जनुकशास्त्र कशासाठी?

डोकी मोजून प्रजातीचे भवितव्य कळत नाही म्हणून. शंभर प्राण्यांच्या कळपात ९० माद्या आणि केवळ १० नर प्रजनन करत असतील, तर जनुकीय दृष्ट्या तो कळप नर-मादी समसमान असलेल्या ३६ प्राण्यांएवढाच भरतो. नॉर्दर्न एलिफंट सील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीमुळे शंभराच्या आत आले होते. आज ते लाखाच्या वर आहेत, पण त्यांची जनुकीय विविधता अजूनही अत्यंत कमी आहे, कारण संख्या काही दशकांत भरून येते आणि गमावलेली जनुके उत्परिवर्तनाने परत यायला फार मोठा काळ जातो.

अमेरिकेच्या फ्लोरिडातील पँथर (म्हणजे तेथील प्यूमा) वीस-तीस उरले तेव्हा त्यांच्यात शेपटीला पीळ, हृदयातील दोष आणि अंडकोष खाली न उतरणे अशी अंतःप्रजननाची, म्हणजे जवळच्या नात्यातील प्रजननाची, लक्षणे दिसू लागली होती. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. पुढे दोष घटले आणि संख्या तिपटीच्या घरात गेली. बाहेरचे रक्त आणल्याने ‘शुद्धता’ बिघडते, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता आणि आजही घेतला जातो. माझ्या मते नामशेष होऊन शुद्ध राहण्यात काही अर्थ नाही.

पोहता येणे, स्कूबा डायव्हिंग येणे आवश्यक आहे का?

सागरी प्राण्यांवर काम करायचे असेल तर पोहता यायलाच हवे. डायव्हिंग हे एक अवजार आहे, पात्रतेची अट नव्हे. उपग्रह-नोंदी, ध्वनिमुद्रणे आणि मासेमारी बोटींवरील निरीक्षणे यांवर संपूर्ण कारकीर्द उभी करता येते.

प्रत्यक्ष क्षेत्रकाम कसे असते?

बहुतेक वेळ संथ असते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील एक दिवस पाहू. ओहोटीच्या तळाची वेळ पहाटे पावणेपाचची असेल, तर चारला खडकावर हजर राहावे लागते. अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट आधीच ठरवलेल्या ठिकाणी टाकायची, मग ती जागा कितीही कंटाळवाणी निघो. शेजारी तारामाशांनी भरलेले सुंदर डबके दिसले म्हणून चौकट तिकडे सरकवली की सगळ्या नमुन्याचा विश्वास गेला. चौकटीतील प्रत्येक शिंपला, प्रत्येक बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारा कवचधारी जीव) जलरोधक कागदावर पेन्सिलीने टिपायचा, कारण शाई पसरते. गुडघे खडकाने सोलवटतात. दोन तासांत पाणी परत येते आणि तोवर ठरलेल्या वीस चौकटींपैकी चौदा झालेल्या असतात. उरलेल्या सहांची नोंद ‘झाल्या नाहीत’ अशीच करायची, अंदाजाने भरायची नाही.

कॅमेरा ट्रॅपचेही तेच. मेमरी कार्ड उघडले की हजारो छायाचित्रांत वाऱ्याने हलणारे गवत निघते. पुढची फेरी करताना मग कॅमेऱ्यासमोरचे गवत आधी कापायचे आणि भिंग दुपारच्या उन्हाच्या दिशेने ठेवायचे नाही, हे कोणी न सांगता लक्षात राहते.

आमच्या अभ्यासाचाच प्राण्यांना त्रास होत नाही का?

होऊ शकतो, आणि तो मोजणे अभ्यासाचाच भाग आहे. किंग पेंग्विनच्या पंखांना ओळखीचे धातूचे पट्टे बांधण्याची पद्धत दीर्घकाळ निर्धोक समजली जात होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अभ्यासात पट्टा बांधलेल्या पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी आणि पिल्लांची संख्या ३९ टक्क्यांनी कमी आढळली. पट्ट्यामुळे पोहताना पाण्याचा विरोध वाढत होता. म्हणजे अशा पक्ष्यांवरून काढलेले हवामानबदलाचे निष्कर्षही संशयास्पद ठरले. उडणाऱ्या प्राण्यांवर बसवायचे यंत्र शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपेक्षा जड नसावे, असा संकेत आहे. पण तोही डोळे मिटून पाळण्याजोगा नाही, कारण वजनाइतकाच आकाराचाही परिणाम होतो. परवाने आणि नैतिक समितीची मंजुरी यांना काही महिने लागतात. ते वेळापत्रकात आधीच धरावेत.

परक्या प्राण्यांना मारणे हे संवर्धन कसे?

हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे आणि तो तसाच राहावा. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर माणसांच्या जहाजांतून आलेले उंदीर अल्बट्रॉसची जिवंत पिल्ले कुरतडून खातात. या पक्ष्यांच्या उत्क्रांतीत जमिनीवरचा भक्षक कधी नव्हताच, म्हणून पिल्लू प्रतिकारही करत नाही. २०२१ साली उंदीर संपवण्याची मोठी मोहीम झाली, पण त्याच वर्षी तेथे पुन्हा जिवंत उंदीर दिसला. दक्षिण जॉर्जिया बेट मात्र २०१८ मध्ये उंदरांपासून मुक्त जाहीर झाले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरचा धडा वेगळा: तेथील मांजरे २००० सालापर्यंत हटवली गेली, सशांची संख्या वाढली आणि डोंगरउतारांवरील वनस्पतींची धूळधाण झाली. पुढे ससे, उंदीर आणि घुशी एकाच मोहिमेत हटवाव्या लागल्या. कोण कोणाला खातो याचा नकाशा हाती नसताना एकच धागा ओढू नये.

बंदिस्त जागेत वाढवून प्रजाती वाचवता येत नाही का?

कधी कधी येते. कॅलिफोर्निया काँडॉरचे १९८७ मध्ये सगळे मिळून २७ पक्षी उरले होते. ते सर्व पकडून वाढवले गेले आणि १९९२ पासून पुन्हा सोडले जाऊ लागले. पण शिकारीतील शिशाच्या गोळ्यांचे तुकडे असलेले मांस खाऊन ते अजूनही मरतात, म्हणजे मूळ कारण गेले नाही. मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातातील व्हाकिटा या छोट्या पॉरपॉइजबाबत (डॉल्फिनसारख्या सागरी सस्तन प्राण्याबाबत) २०१७ मध्ये असा प्रयत्न झाला. पकडलेली मादी ताणाने मेली आणि मोहीम थांबवावी लागली. आता दहाच्या आसपासच व्हाकिटा उरल्या आहेत. त्यांची शिकार कोणी करत नाही. तोतोआबा या माशाच्या हवापिशवीला चोरट्या बाजारात मिळणाऱ्या प्रचंड किमतीपायी लावलेल्या गिल जाळ्यांत, म्हणजे माशांचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्यांत, त्या अडकतात.

मग स्थानिक लोकांचा, मच्छीमारांचा अभ्यासही करावा लागतो का?

करावा लागतो, आणि त्यांच्याकडून शिकावेही लागते. लॉंगलाइन बोटींच्या मागे फडफडत्या पट्ट्यांची दोरी सोडून पक्ष्यांना गळापासून दूर ठेवण्याची युक्ती जपानी मच्छीमारांची आहे. आमिष वाया जाऊ नये हा त्यांचा हेतू होता, आणि अल्बट्रॉस वाचवण्याचा तो आज सर्वांत स्वस्त उपाय ठरला आहे. मुलाखत घेण्याची शिस्तही त्यामुळे शिकायला हवी. ‘येथे पूर्वी मासे जास्त होते का?’ असे विचारले की उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘तुम्हाला मिळालेला सर्वांत मोठा मासा कोणत्या वर्षी, कुठे आणि केवढा होता?’ असे विचारले की तुलना करता येते. डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र मानते, म्हणून तीन पिढ्यांना स्वतंत्रपणे विचारावे.

शिक्षणानंतर कोणते काम मिळते?

संशोधन संस्था, वन आणि मत्स्य विभाग, संरक्षित क्षेत्रांचे व्यवस्थापन, स्वयंसेवी संस्था, प्राणिसंग्रहालये, तसेच प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करणाऱ्या कंपन्या. सुरुवातीची कामे बहुधा एक-दोन वर्षांच्या कराराची असतात. प्रजाती ओळखण्यात हातखंडा आणि माहितीचे विश्लेषण, या दोन्ही गोष्टी येणारी माणसे कमी आहेत.

सतत वाईट बातम्या वाचून निराशा येत नाही का?

येते. तेव्हा आकडे पूर्ण वाचावेत. नैऋत्य अटलांटिकमधील हंपबॅक देवमासे विसाव्या शतकाच्या मध्यास साधारण ४५० उरले होते. व्यापारी शिकार थांबल्यानंतर ते २५,००० च्या घरात गेले आहेत.

प्रबंधासाठी विषय कसा निवडावा?

आवडत्या प्राण्यापासून सुरुवात करू नये, उत्तर मिळाल्यास कोणाचा तरी निर्णय बदलेल अशा प्रश्नापासून करावी. ‘अमुक कासवांची परिसंस्था’ हा विषय नाही. ‘कुंपणात हलवलेल्या अंड्यांचे तापमान मूळ घरट्यांपेक्षा किती वेगळे असते?’ हा आहे, कारण समुद्री कासवांचे लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरते, २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी समसमान होतात, त्याहून उष्ण वाळूतून माद्या अधिक निघतात, आणि ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या वाढत्या वयाच्या गटात ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या आहेत. कुंपणावर सावलीचे कापड घालायचे की नाही, हे तेथील माणसांना या उत्तरावरून ठरवता येईल. लागणारी सामग्री म्हणजे काही तापमान-नोंदयंत्रे, मोजपट्टी आणि एक विणीचा हंगाम. नोंदयंत्रे पुरण्याआधी एकाच बादलीभर वाळूत रात्रभर ठेवून सगळी सारखेच तापमान दाखवतात का, हे मात्र पाहून घ्यावे.